आर्मीची धार

थुवाल, शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४

ज्ञानेश,

आशीर्वाद. नको असतील तर कपाटात ठेवून दे, खराब व्हायची वस्तू नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून हा कागद. आमच्या कॅम्पातला अशोक उद्या दोन महिन्यांच्या सुट्टीवर कुडाळला चाललाय. तो मालवणात येऊन हे पत्र तुझ्याच हातात देईल. दर्शनाकडे देऊ नकोस असं बजावलंय. ती बिचारी तुझ्या उशाशी ठेवेल आणि तू उशी बदलशील. अशोक वेल्डर आहे, एकदा दारात उभा राहिला की हलत नाही.

आता कारण. तुझी लेक इथे आलीय, हे तू मला कळवलं नाहीस, पण तिने कळवलं. तुझ्या अमितावहिनीकडून नंबर घेतला आणि गेल्या मंगळवारी फोन. "काका, मी तन्वी. मी थुवालच्या युनिव्हर्सिटीत आलेय, पीएच.डी.ला. तुम्ही जेद्दाला ना?" म्हटलं, "बाये, मी जेद्दाला होतो. जुलैपासून तुझ्या गेटाबाहेर दहा मिनिटांवर आहे." ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचा केरळी फोरमन धावत आला. प्रवाळांवर अभ्यास करणार म्हणे. पाण्याखाली जाऊन. बापाचं रक्त, दुसरं काय.

माझंही ऐक. सहा वर्षं मी अल अझीझियातल्या वर्कशॉपमध्ये पंप आणि एसी दुरुस्त केले. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपेपर्यंत तेच करणार होतो. पण कंपनीला इथल्या बोटींच्या आणि डायव्हिंग सामानाच्या देखभालीचं काम मिळालं आणि साहेबांनी विचारलं, हत्यारं कोणाला कळतात. मी हात वर केला. चोवीस वर्षं पलटणीच्या बंदुका आणि संगिनी सांभाळलेला आर्मरर, मला नाही कळणार तर कोणाला? तेव्हा आता डायव्हरांच्या सुऱ्या, कात्र्या, बक्कलं सगळं माझ्या टेबलावर येतं. नेव्हीची हत्यारं आर्मीच्या हाताखाली! हे वाचून तुझ्या कपाळावर जी आठी पडली असेल ती मला इथून दिसतेय.

रजेवर दोघे एकदम आलो की काय मजा यायची. तू म्हणायचास, आर्मीची संगीन फक्त कंडेन्स्ड मिल्कचे डबे फोडायला. मी म्हणायचो, नेव्हीच्या साहेबांची तलवार फक्त केक कापायला. आता निवृत्त आहे म्हणून खरं सांगतो, चोवीस वर्षांत मी संगीन गवताच्या बाहुल्यात गेलेली पाहिली आणि पावात गेलेली पाहिली. पावच जास्त. आमच्या शेजारी गुरख्यांची पलटण होती, ते खुकरीने कांदा इतका बारीक चिरायचे की आमचा लंगर कमांडर जळून खाक व्हायचा. पण हे तेव्हा तुझ्यासमोर कबूल केलं असतं तर आर्मीचं नाक गेलं असतं.

मग ते हॉस्पिटल. तू खाटेवर, डावा हात बँडेजमध्ये, आई उशाशी. पाण्याखाली दोरात अडकलास, सोडवताना हात निसटला आणि स्वतःचीच दोन बोटं कापलीस, एवढं मला दारात कळलं होतं. मी आत आलो आणि म्हणालो, "बघा, नेव्हीवाल्यांना सुरी धरता येत नाही." सगळे हसले. आईसुद्धा डोळे पुसता पुसता हसली. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. त्याला येत्या ऑक्टोबरात नऊ वर्षं होतील. आईच्या बाराव्याला आपण एका पंगतीत बसलो आणि तू मला मीठ वाढलंस, पण बोलला नाहीस.

वेळ चुकली असेल माझी. पण नऊ वर्षं? एका विनोदाला?

दसऱ्यापर्यंत तू बोलायला लागशील. मी स्वतःशी पैज लावलीय आणि मी पैजा हरत नाही.

दादा
(हवालदार हरिहर परब, निवृत्त. मुद्दाम लिहितोय.)


थुवाल, शुक्रवार, २७ सप्टेंबर २०२४

ज्ञानेश,

अशोकचा फोन आला. "दिलंय. त्येंनी घेतलं. चाय दिली. काय बोलूक नाय." बरं झालं, चहा तरी दिलास. हे पत्र टपालाने पाठवतोय.

इथे मला माझा नेव्हीवाला सापडलाय. अबू तुर्की, डायव्हिंग स्टोअरचा मुख्य, साठीचा. तो यांच्या नेव्हीतून निवृत्त झालाय आणि बंदरावर आपल्या लोकांबरोबर राहून हिंदी शिकलाय. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुम फौजी? पैदल वाला?" म्हटलं हो. तो हसला आणि म्हणाला, "मेरा भाई भी पैदल वाला. बेचारा." तिथून जे सुरू झालं ते रोज चालू आहे. मी सकाळी आलो की तो माझ्या बुटांना वाळू लागलीय का बघतो. मी त्याला विचारतो, आज जमिनीवर चालताना चक्कर आली नाही ना.

सोमवारी त्यांचा राष्ट्रीय दिवस होता. लांब पात्याच्या तलवारी खांद्यावर टाकून ओळीने नाचतात, ढोलावर. अबू तुर्की आणि त्याचा तो पायदळवाला भाऊ शेजारी शेजारी. सारखे एकमेकांना कोपर मारत होते, तुझा पाय चुकला, तुझा पाय चुकला. नंतर एका ताटातून भात खाल्ला आणि मांसाचा चांगला तुकडा मोठ्याने धाकट्याकडे सरकवला. मी तिथे बसलो होतो. मला तुझी आठवण आली, लिहायला काही लाज नाही.

तन्वी दर शुक्रवारी येते. खोलीवर सुरमईचं तिखलं करतो. ती म्हणते आईच्या हातचं वाटतं, मी म्हणतो तुझ्या आईला सांगू नकोस. पोरगी तुझ्यासारखी कमी बोलते पण बोलते तेव्हा सरळ. सात नोव्हेंबरला, गुरुवारी, तिची पहिली खोल डुबकी आहे, तीस मीटर. तिथे खडकावर जुनी जाळी अडकलीत, त्यांच्याखालच्या प्रवाळाचे नमुने आणायचे आहेत. गेल्या आठवड्यात तिने बॅगेतून काय काढलं असेल? तुझी सुरी. म्हणाली, "बाबांच्या ट्रंकेत होती. मी नेऊ का विचारलं, तर ट्रंक बंद करून 'ने' म्हणाले. काका, मला हीच पायाला बांधून जायचंय. तयार करून द्याल?"

मी उपसली. ज्ञानेश, ती माझी धार जशीच्या तशी आहे! तुला आठवतं ना ते? त्या वर्षी तू दसऱ्याला रजेवर होतास. खंडेनवमीला घरातली सगळी पाती मीच लावतो, कोयता, आडाळी, नानांचा रंधा, तशी तुझीही घेतली. एका कडेला करवतीसारखे दाते आणि टोक छिन्नीसारखं बोथट. ही सुरी आहे की नारळ खरवडायची? तू दर्शनाला घेऊन तिच्या माहेरी गेलास तेवढ्यात मी दाते कानशीने साफ उडवले, टोक काढलं संगिनीसारखं, आणि निसण्यावर दोन संध्याकाळ घालवून अशी धार लावली की काय सांगू. म्यानात घालून तुला दिली, म्हटलं, आर्मीची भेट. आज नऊ वर्षांनी मनगटावरून फिरवली तर केस उडाले.

आणि एक सांगू? तू तिला परत दाते पाडून घेतले नाहीस. सुरी तशीच जपून ठेवलीस. म्हणजे मनातून आवडली होती. कबूल कर, इथे कोणी नेव्हीवाला ऐकत नाही.

अबू तुर्कीने मात्र हातात घेऊन नाक मुरडलं. "हादा सिक्कीन मू कुवैस." ही सुरी काही बरी नाही म्हणे! दात कुठे गेले म्हणाला. मी म्हटलं, दात म्हाताऱ्यांना लागतात. झालं, पैज लागली. येत्या गुरुवारी त्याची स्टोअरमधली दातेरी सुरी आणि ही. जो हरेल त्याने आपली टोपी द्यायची आणि आठवडाभर समोरच्याला आधी सलाम ठोकायचा. सगळं वर्कशॉप बघायला येणार आहे. त्याची टोपी कुठे लपवायची एवढंच ठरवायचं बाकी आहे.

निकाल कळवतो.

दादा


थुवाल, शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०२४

ज्ञानेश,

हरलो.

बाकी सगळं ठीक. उन्हाळा अजून उतरलेला नाही. कॅम्पातलं पाणी दोन दिवस बंद होतं. अमिताचं गुडघ्याचं दुखणं कमी आहे. तन्वीची युनिव्हर्सिटी मोठी आहे, आत सायकली आहेत.

तन्वीला मी म्हणालो, सध्या काम फार आहे, सुरीला हात लावायला वेळ मिळत नाही. ती म्हणाली, चालेल काका, अजून महिना आहे.

एक विचारतो. त्या दिवशी पाण्यात नक्की काय झालं होतं? दोर कसला होता, ताठ होता की सैल? मी हे तेव्हा विचारलं नाही. विनोद केला आणि चहा प्यायला कँटीनमध्ये गेलो.

जमलं तर दोन ओळी लिही.

दादा


थुवाल, शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४, दसरा

ज्ञानेश,

तुझं उत्तर आलेलं नाही आणि आता त्याची वाट बघून बोलायचं म्हणजे पळपुटेपणा. गेल्या पत्रात मी कॅम्पातल्या पाण्याबद्दल लिहिलं, गुडघ्याबद्दल लिहिलं आणि जे लिहायचं ते गिळलं. आज सगळं लिहितो. उभ्याने वाचत असशील तर बस.

पैजेच्या दिवशी आधी मी जिंकलो. पकडीत दोर ताणून बांधला होता, माझा हात एकदाच फिरला आणि दोर दोन तुकडे. टाळ्या, शिट्ट्या. मी टोपी मागायला वळलो तर अबू तुर्की म्हणाला, "यल्ला, अब पानी में." सिलिंडर तपासायचा मोठा हौद आहे, त्यात त्याने मासेमारीचा जुना नायलॉनचा दोर सैल सोडला, गुंता करून. हातात जाड मोजे, डोळ्यांवर फडकं. एका हाताने दोर धरायचा, दुसऱ्याने कापायचा. खाली अंधारात असंच असतं म्हणाला.

मी पातं लावलं आणि ओढलं. ते दोरावरून घसरलं. ओला, सैल, गुळगुळीत दोर, आणि वर माझी गुळगुळीत धार, अडकायला कुठे काही नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरलं. लोक हसायला लागले. मला राग आला आणि तिसऱ्यांदा जोर लावला. अबू तुर्कीने माझं मनगट धरलं नसतं तर आज हे पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावं लागलं असतं. हात वर काढला तर डाव्या मोज्याला सरळ चीर. अनामिका आणि करंगळी, बुंध्याशी.

तीच दोन बोटं, ज्ञानेश. त्याच जागी.

अबू तुर्कीने आपल्या सुरीने तोच गुंता कापून दाखवला. दात दोरात रुततात, पातं पकड घेतं, दोन हिसक्यांत मोकळं. "रस्सी ढीला हो तो दाँत पकड़ता है. चिकना धार फिसलता है. हर डायव्हर को मालूम," म्हणाला. आणि टोक बोथट ठेवतात ते अंगात आणि हवेच्या नळीत घुसू नये म्हणून. हेही त्याने सांगितलं. मग माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "किसने घिसा इसको?"

मी म्हटलं, "मैंने. भाई का था."

त्याने सुरी टेबलावर ठेवली. सगळ्यांना 'खलास, काम पे जाओ' म्हणून पिटाळलं आणि माझ्यासाठी चहा आणला. पैज तो जिंकला, तरी त्या दिवसापासून सकाळी आधी सलाम तोच करतो. ते मला जास्त लागतं.

म्हणजे असं. तुझा हात निसटला नव्हता. तुला सुरी धरता येत होती. तू नेव्हीतला उत्तम डायव्हर होतास, आणि ती दोन बोटं वाकेनाशी झाली म्हणून तुला पाण्यातून काढून किनाऱ्यावर कागद सांभाळायला बसवलं. मालवणला परत आलास तो समुद्राकडे पाठ करून इंजिनं दुरुस्त करतोस. हे सगळं माझ्या कानशीने झालं. आणि ज्याने केलं तोच हॉस्पिटलात येऊन आईसमोर तुझ्यावर हसला. मला हे कळल्यापासून जेवण गोड लागत नाही. मला लाज वाटते. माझं चुकलं, ज्ञानेश. मी तुझा मोठा भाऊ, तुझ्या पाया पडू शकत नाही, नाहीतर पडलो असतो.

रडगाणं लावत नाही. तुला ठाऊक आहे, मला ते जमतही नाही. चूक माझी आहे, खाली सही करून देतोय. सगळ्यांना सांग, दर्शनाला, अमिताला, गावाला. मी नाही म्हणणार नाही.

तन्वीला मी परवा सांगितलं. बसवलं, सुरी टेबलावर ठेवली आणि हौदापासून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा म्हणाले होते, हात निसटला." मी म्हटलं, त्याने ते कोणासाठी सांगितलं ते आता तुला कळेल. ती उठली. "काका, मला थोडा वेळ हवाय." सुरी तिथेच ठेवून गेली. दोन दिवस फोन नाही. आज सकाळी खोलीत दार लावून मी माझ्या कानशी, पक्कड, निसणा टॉवेलवर मांडून हळद-कुंकू लावलं. सुरीला मात्र त्यांच्यात बसवायचं धाडस झालं नाही. दुपारी मेसेज आला. "काका, दसऱ्याच्या शुभेच्छा. बाबांनी सांगितलं तरच मी ती सुरी घेईन. नाहीतर स्टोअरची."

बरोबर बोलली. तेव्हा आता तू सांग.

पात्यात अजून पुष्कळ पोलाद आहे. मला दाते पाडता येतात, अबू तुर्की माप दाखवेल आणि मी कापेन. टोकही मोडून बोथट करेन. माझ्या हाताला काही झालेलं नाही, फक्त अक्कल कमी पडली होती. पण ही सुरी तुझी आहे आणि पायाला बांधून तुझी मुलगी तीस मीटर खाली जाळ्यांत जाणार आहे. तू लिहिल्याशिवाय मी तिला कानस लावणार नाही. तू 'नको' म्हणालास तर मी ती सुट्टीवर निघणाऱ्या कोणाबरोबर तरी परत पाठवेन आणि पुन्हा पत्र लिहून तुला त्रास देणार नाही.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. अबू तुर्की म्हणतो, पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक डायव्हर सुरी उपसून बघतो, कोणी शिकवावं लागत नाही. तू तर दुसऱ्यांना शिकवायचास. तू उपसली असतीस तर दाते नाहीत हे पहिल्या नजरेला दिसलं असतं. मग का नाही बघितलीस?

अशोक चार नोव्हेंबरला सकाळी इथे पोचतो. उत्तर त्याच्याकडे द्यायचं असेल तर दे.

हरिहर


मालवण, २ नोव्हेंबर २०२४, पाडवा

दादा,

तुझी चार पत्रं पोचली. पहिलं फाडणार होतो, दर्शनाने हातातून ओढून घेतलं. तिसरं वाचलं तेव्हा कळलं की तुला कळलंय. तू हवापाण्याबद्दल लिहायला लागलास की काहीतरी मोडलेलं असतं.

विचारलंस म्हणून सांगतो. दोर सैल होता. जुन्या जहाजाच्या पंख्यात अडकलेला, माझ्या पायाला गुंतला. जोडीदार चार हातांवर होता, तो येईपर्यंत मी तीनदा ओढलं. पाण्यात रक्त हिरवं दिसतं. तेव्हा बोटाने पातं चाचपलं आणि दाते नाहीत हे समजलं. जोडीदारानेच मला सोडवून वर आणलं.

चौकशीत मी सांगितलं, हात निसटला. ती सुरी माझी स्वतःची, सांभाळायची जबाबदारी माझी, तुझं नाव तिथे घ्यायचं काही कारण नव्हतं. मग तू आलास आणि विनोद केलास. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर एकच गोष्ट बाहेर पडली असती, आणि आई तिथे बसली होती. आईने तुला पुन्हा कधी जवळ केलं नसतं. ती तशीच होती, तुला ठाऊक आहे. म्हणून भिंतीकडे वळलो. तिच्या बाराव्यालाही धीर झाला नाही. पुढे बोलायची सवयच गेली. विनोदाचा राग होता का? होता. खूप होता. एकट्याने बसून शिव्या दिल्यात तुला, आर्मीला आणि तुझ्या त्या निसण्याला.

सुरीला परत दाते पाडले नाहीत, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. आवडली होती म्हणून नाही. हे डोक्यातून काढून टाक.

आता तुझा शेवटचा प्रश्न. खंडेनवमीला तू पाती लावायचास आणि प्रत्येकाला परत द्यायचास. घरात कोणी ते बोटाने तपासून घेतलं नाही कधी. नाना घ्यायचे नाहीत, आई घ्यायची नाही. कोयता तुझ्या हातून आला की सरळ कमरेला. तपासणं म्हणजे तुझा अपमान, असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं. मी नेव्हीत शंभर पोरांना शिकवलं, उपसा, बघा, मग उतरा. त्या दिवशी इतर सगळं सामान तपासलं. तुझ्या सुरीच्या म्यानाचं बटण उघडलं आणि परत लावलं. तू दिली होतीस, दादा. म्हणून नाही बघितली.

म्हणजे निम्मी चूक माझी. तू एकट्याने सही करू नकोस.

सुरीला दाते पाड. तूच पाड, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. टोक बोथट, त्याच्या कडा गोल. ती तन्वीच्या हातात म्यानाशिवाय दे आणि तिला तुझ्यासमोर पातं चाचपू दे, पाण्यात घालून दोर कापू दे. तिने दहा वेळा तपासलं तरी तू तोंड वाकडं करायचं नाही. तिला सांग, बाबांनी सांगितलंय.

अबू तुर्कीला माझा सलाम. नेव्ही जिंकली हे मी इथे बाजारात सगळ्यांना सांगितलंय, इंजिन दुरुस्तीला येतो त्यालाही सांगतो. अशोकच्या हातून दर्शनाने करंज्या दिल्यात, त्यातल्या निम्म्या तन्वीच्या आहेत.

गुरुवारी मी दुकान उघडणार नाही. पोरगी पाण्याबाहेर आली की मला फोन कर. मी उचलेन.

ज्ञानेश